विम्याचा दलाल कोणाचा?



या व्यासपीठावरून बोलणारे बहुतेक वक्ते विद्वान असतात. माझे शिक्षण दहावीला थांबले. पुढचे जे काही शिकलो ते फिटरचे काम करता करता, कराराच्या वाटाघाटींत आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात शिकलो. तेव्हा विम्याचे अर्थशास्त्र मी सांगू लागलो तर ते उसने ठरेल. मला सांगावयाचे आहे ते साधे आहे. विमा मिळवून देणारा जो मध्यस्थ, ज्याला कायदा विमा ब्रोकर म्हणतो आणि आपण दलाल म्हणतो, त्याच्याकडून कामगारांच्या हिताचे काम कसे करून घ्यावे, एवढाच माझा विषय. तो रुक्ष आहे हे मला ठाऊक आहे. परंतु कमावता माणूस अंथरुणाला खिळला की त्याच्या घरी पहिला प्रश्न निघतो तो पैशाचाच, आणि त्या वेळी पॉलिसीतील एकेक शब्द सावकाराच्या कागदातील शब्दाइतका जड होतो.

‘दलाल’ हा शब्द आमच्या चळवळीत शिवीसारखा वापरला जातो. ‘मालकाचा दलाल’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. पण शब्दावर राग धरून व्यवहार समजत नाही. मार्केट यार्डातला अडत्या आपण सर्वांनी पाहिला आहे. शेतकऱ्याचा माल तो विकून देतो, म्हणून तो शेतकऱ्याचा माणूस. पण त्याचे रोजचे उठणेबसणे व्यापाऱ्याशी असते. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने फळे आणि भाजीपाला यांची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले. शेतकऱ्याच्या खिशाला ते बरेच झाले, परंतु त्यातून एक प्रश्न उभा राहिला : काम एकाचे आणि मोबदला दुसऱ्याकडून, तर माणूस नेमका कोणाचा? विम्याच्या दलालाची स्थिती हुबेहूब अशीच आहे. तो काम करतो विमा घेणाऱ्याचे, आणि त्याची दलाली देते विमा कंपनी.

येथे एजंट आणि ब्रोकर यांतील फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे. एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी. आपल्या कंपनीचा माल तो आपल्यापुढे मांडतो, शेजारच्या कंपनीचा माल अधिक चांगला असला तरी तो दाखविणे हे त्याचे काम नव्हे. ब्रोकर हा कायद्याने ग्राहकाचा प्रतिनिधी. त्याने निरनिराळ्या कंपन्यांकडे जाऊन ग्राहकासाठी दर आणि अटी मागावयाच्या, त्या ग्राहकापुढे ठेवावयाच्या आणि सल्ला द्यावयाचा. हा धंदा जुना आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइड याच्या कॉफीच्या दुकानात जहाजांचे विमे उतरविले जात. तेथे दलाल एक कागद घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरे. ज्याला जोखीम घ्यावयाची तो मजकुराखाली आपले नाव आणि आपण किती हिस्सा घेतो ते लिही. दलालाचे कसब हे की योग्य माणसाकडे जावे, जोखीम खरी सांगावी आणि दर वाजवी मिळवावा. साधने बदलली असली तरी काम तेच राहिले आहे.

आपल्या देशात हा ब्रोकर उशिरा आला. १९५६ साली आयुर्विमा राष्ट्राच्या मालकीचा झाला आणि २४५ लहानमोठ्या संस्था मिळून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. १ जानेवारी १९७३ पासून १०७ कंपन्या एकत्र करून सर्वसाधारण विम्याच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. त्या काळात एजंट होते, डेव्हलपमेंट ऑफिसर होते, पण परवानाधारक ब्रोकर नव्हता. १९९९ च्या कायद्याने विम्याचे क्षेत्र खाजगी कंपन्यांना मोकळे झाले, नियामक प्राधिकरण आले आणि २००२ साली ब्रोकरांसाठी पहिले नियम झाले. २०१८ साली ते नव्याने केले गेले. त्या नियमांप्रमाणे थेट विमा मिळवून देणाऱ्या ब्रोकर संस्थेला निदान ७५ लाख रुपयांचे भांडवल लागते, तिच्या प्रमुख अधिकाऱ्याला प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते, आणि आपल्या चुकीमुळे ग्राहकाचे नुकसान झाले तर ते भरून देण्यासाठी तिला स्वतःचाही विमा उतरवावा लागतो. या परीक्षेचे काम पुण्याची राष्ट्रीय विमा अकादमी पाहते. तेव्हा गल्लीत पाटी लावून बसलेला प्रत्येक जण ब्रोकर नव्हे. नोंदणी क्रमांक विचारावा आणि तो नियामकाच्या यादीत आहे की नाही हे स्वतः पाहावे. यात संकोच कसला? दुकानात वजनकाट्यावरचा शिक्का पाहतोच ना आपण!

आता मूळ मुद्द्याकडे येतो. संघटित कामगाराला या ब्रोकराची गाठ कोठे पडते? बहुधा पगारवाढीच्या करारानंतर पडते, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल.

कामगार राज्य विमा योजना, म्हणजे आपली ई.एस.आय., ही १९४८ च्या कायद्याने आली आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती सामाजिक सुरक्षा संहितेखाली आली आहे. या योजनेला वेतनाची मर्यादा असते. १ जानेवारी २०१७ पासून ती दरमहा २१,००० रुपये ठरविण्यात आली. आम्ही रात्री जागून वाटाघाटी करतो, तीन-चार हजारांची वाढ मिळवितो, पेढे वाटतो, आणि त्याच वाढीने कामगार मर्यादेच्या पलीकडे जाऊन योजनेच्या बाहेर पडतो. तो लगेच त्या दिवशी बाहेर पडत नाही. वर्गणीची सहामाही, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, जी चालू असेल ती संपेपर्यंत वर्गणी चालू राहते, आणि त्या वर्गणीवरचे लाभ पुढेही काही महिने मिळतात. हा अवधी म्हणजे पर्यायी व्यवस्था करण्याची मुदत असते. पुष्कळ ठिकाणी ती हार-तुऱ्यांत निघून जाते.

मग मालक म्हणतो, ‘आम्ही मेडिक्लेम काढून देतो.’ कामगारांना वाटते, ई.एस.आय.च्या रांगेतून सुटलो, आता खाजगी इस्पितळ! पण आपण काय गमावले याची यादी आधी केली पाहिजे. ई.एस.आय.मध्ये उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नाही. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. कामावर अपघात होऊन अपंगत्व आले तर वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो. कामावर मृत्यू आला तर अवलंबितांना दरमहा निवृत्तिवेतन मिळते. बाळंतपणाची भरपगारी रजा मिळते. मेडिक्लेम यांतल्या पहिल्या एकाच गोष्टीची जागा घेतो, आणि तीही ठराविक रकमेपर्यंत. बुडालेला पगार तो देत नाही. विधवेला महिन्याचे पैसे देत नाही. म्हणून ब्रोकरपुढे बसताना ‘एक मेडिक्लेम द्या’ असे म्हणणे म्हणजे चार भिंती पडल्या असता एक बांधून मागणे होय.

मागणी तीन गोष्टींची झाली पाहिजे. पहिली, कुटुंबासह सामुदायिक आरोग्यविमा. दुसरी, सामुदायिक अपघातविमा, ज्यात मृत्यू आणि कायमचे अपंगत्व तर असेलच, पण अपघातामुळे कामावर जाता येत नाही त्या आठवड्यांची भरपाईही असेल. तिसरी गोष्ट मालकाच्या जबाबदारीची. ई.एस.आय.च्या बाहेर असलेल्या कामगाराला कामावर अपघात झाला तर भरपाई देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. १९२३ च्या कायद्याने ते ठरविले आणि तो कायदा आता त्याच सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. ही जबाबदारी मालकाने विमा उतरविला असो वा नसो, त्याच्यावर राहतेच. पण लहान कारखानदाराजवळ एकरकमी पैसे नसले तर निकाल हातात घेऊन विधवेने कोठे जावे? म्हणून त्या जबाबदारीचा विमा आहे की नाही, हे युनियनने विचारावे.

अशी एक बैठक मी स्वतः पाहिली आहे. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, मालकाच्या ब्रोकरने एकाच कंपनीचा एकच दर लिहिलेला कागद टेबलावर ठेवला आणि सही मागितली. आम्ही विचारले, बाकीच्या कंपन्यांचे दर कोठे आहेत? तो म्हणाला, हाच सर्वांत स्वस्त. आम्ही म्हणालो, स्वस्त असेल, पण आम्हांला सर्व पाहावयाचे आहेत. नियमांत ब्रोकरने आलेली कोटेशने ग्राहकाच्या विचारासाठी ठेवावी असे लिहिले आहे, ते आम्ही वाचून दाखविले. आठवड्याने चार कोटेशने आली. स्वस्त असलेला कागद खरोखरच स्वस्त होता. पण तो स्वस्त का होता, हे इतर तीन शेजारी ठेवल्यावर दिसले. आईवडिलांच्या प्रत्येक बिलात २० टक्के कामगाराने भरावयाचे होते, जुन्या आजारांना पहिली काही वर्षे संरक्षण नव्हते, आणि खोलीच्या भाड्याची मर्यादा कडक होती.

या खोलीच्या भाड्याचा हिशेब मी फळ्यावर मांडतो तसा येथे मांडतो, कारण सर्वांत जास्त भांडणे त्यावरून होतात. समजा पॉलिसी ३ लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये आहे. रोगी ६,००० रुपयांच्या खोलीत पाच दिवस राहिला. खोलीचे ३०,००० झाले, त्यांतले १५,००० मिळतील, हे कोणालाही कळते. पण कपात तेथे थांबत नाही. खोली मर्यादेच्या दुप्पट म्हणून डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, शुश्रूषा असे खोलीशी निगडित धरलेले खर्चही निम्मेच मंजूर होतात. ते १ लाख असले तर ५०,००० मिळतील. औषधे, शरीरात बसविलेली उपकरणे, तपासण्या यांवर ही कपात लावता येत नाही, असे नियामकाने २०२० साली बजावले आहे. त्यांचे ६०,००० पूर्ण मिळतील. बेरीज करा. बिल १ लाख ९० हजारांचे, मिळाले १ लाख २५ हजार, घरचे गेले ६५ हजार. खोलीतला फरक होता फक्त १५ हजारांचा! आणि पॉलिसी तीन लाखांची असूनही हे घडले. ब्रोकरचे काम हे की ही अट सही होण्यापूर्वी उघड करावी, आणि जमल्यास काढून टाकून घ्यावी. आपले काम हे की त्याला तसे लेखी विचारावे.

जुन्या आजारांचेही असेच आहे. एकट्या माणसाने घेतलेल्या आरोग्यविम्यात आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबविता येते, असे २०२४ च्या नियमांनी ठरविले. पूर्वी ही मुदत ४८ महिने होती. सामुदायिक पॉलिसीत ही मुदत पहिल्या दिवसापासून माफ करून घेता येते. हप्ता थोडा वाढतो; पण पन्नाशीकडे आलेल्या कामगारांच्या कारखान्यात मधुमेह आणि रक्तदाब घरोघर असताना ती माफी नसेल, तर तो विमा निरोगी माणसांपुरताच राहिला.

ब्रोकरला काम सांगावयाचे तर त्याला माहिती खरी आणि पुरी दिली पाहिजे. कामगार किती, वये काय, कुटुंबात कोण, कारखान्यात कोणती यंत्रे, मागील तीन वर्षांत किती दावे झाले, हे सर्व त्याने विमा कंपनीला सांगावयाचे असते. विमा हा संपूर्ण विश्वासाचा करार मानला जातो. आज लपविलेला आजार उद्या दावा नाकारण्याचे कारण होतो. ‘ते लिहू नका, हप्ता वाढेल,’ असा सल्ला देणारा दलाल आपले काम सोपे करीत असतो, आपले संरक्षण नव्हे. अर्जावर दुसऱ्याच्या हाताने उत्तरे लिहू देऊ नयेत, आणि कोऱ्या अर्जावर तर सही मुळीच करू नये.

मात्र माहिती देताना एक मर्यादा सांभाळावयाची. कोणत्या कामगाराला कोणता आजार आहे, हे मॅनेजरच्या टेबलावर पोचता कामा नये. विमा कंपनीला लागेल ते विमा कंपनीला, एवढेच. क्षयरोगाचे किंवा मनोविकाराचे बिल पाहून माणसाला कामावरून दूर करण्याची युक्ती शोधली जाते, हे आम्हांला अनुभवाने ठाऊक आहे. दाव्यांचा मासिक तक्ता ब्रोकरकडून मागावा. त्यात रकमा असाव्या, नावे आणि आजार नसावे. हा तक्ता लागतोच, कारण वर्षाअखेर कंपनी हप्ता ठरविते ती दाव्यांवरून. दहा लाखांचा हप्ता आणि नऊ लाखांचे दावे असतील तर पुढच्या वर्षी दर चढणार, हे वर्षाच्या मध्येच कळले पाहिजे. शेवटच्या आठवड्यात ‘सही करा, नाहीतर पॉलिसी संपते’ असा धाक घालणाऱ्याला मग जागा राहत नाही.

पैशासंबंधी तीन गोष्टी सांगतो. हप्ता विमा कंपनीच्या नावाने द्यावा. विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमाप्रमाणे हप्ता आधी मिळाल्याशिवाय कंपनीची जोखीम सुरू होत नाही. मधल्या कोणाच्या खिशात पैसे अडकले तर दावा अडकतो. दुसरे, दलालीतला वाटा परत देतो असे कोणी म्हटले तर ते त्या कायद्याच्या ४१ व्या कलमाने निषिद्ध आहे, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. युनियनच्या पुढाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ज्या हाताने वाटा घेतला त्या हाताने दुसऱ्या दिवशी ब्रोकरला जाब विचारता येत नाही. तिसरे, ग्राहकाने विचारल्यास दलालीचा दर सांगणे ब्रोकरवर बंधनकारक आहे. हप्ता जितका मोठा तितकी दलाली मोठी, हे उघड आहे. त्यात पाप नाही. पण ते सर्वांसमोर असले पाहिजे.

आता सर्वांत कठीण प्रश्न. ब्रोकर ग्राहकाचा असे मी म्हणालो. पण ग्राहक कोण? सामुदायिक पॉलिसी असते मालकाच्या नावाची. कामगाराला मिळते एक कार्ड. ज्याच्या शरीराचा विमा, तो त्या कराराचा पक्षच नाही! विमा ज्याच्या नावाचा त्याचेच हित पाहतो, हा या धंद्याचा जुना स्वभाव आहे. १७८१ साली झाँग नावाच्या गुलामवाहू जहाजावरून १३० हून अधिक जिवंत माणसे समुद्रात फेकली गेली आणि जहाजाच्या मालकांनी त्यांची ‘माल’ म्हणून विम्याची भरपाई मागितली. इंग्लंडच्या न्यायालयात १७८३ साली वाद चालला तो खुनाचा नव्हे, विम्याच्या रकमेचा. आजचा काळ तो नव्हे, आणि मी तुलना करीत नाही. पण करारात ज्याचे नाव नाही त्याला आवाज नाही, हे त्या खटल्यात जितके नागडे दिसते तितके क्वचितच दिसते.

म्हणून युनियनने विम्याला करारात आणले पाहिजे. ‘मालक मेडिक्लेम देईल’ एवढे एक वाक्य पुरत नाही. रक्कम किती, कुटुंबात कोण, कोणत्या अटी नसाव्यात, हप्ता कोण भरणार, हे लिहावे. ब्रोकर निवडताना आणि कोटेशने उघडताना कामगारांचे दोन प्रतिनिधी असावेत. पॉलिसीची प्रत युनियनला मिळावी आणि अटींचा मराठी गोषवारा सूचनाफलकावर लागावा. रात्री-अपरात्री इस्पितळातून फोन केला तर उचलणारा माणूस ब्रोकरने नेमावा. दाव्यात मदत करणे हे त्याच्या कर्तव्यांतच आहे. पॉलिसी विकून झाली म्हणजे काम संपले असे नव्हे. नोकरी सुटली वा निवृत्ती आली तर त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा हक्क कामगाराला आहे, पण अर्ज वेळेत करावा लागतो. ती सूचना निवृत्तीच्या पत्रासोबतच द्यावी. आणि कंत्राटी कामगार ई.एस.आय.मध्ये खरोखर नोंदलेले आहेत की त्यांची वर्गणी कापून कोठे भलतीकडे जाते, हेही त्याच बैठकीत विचारावे. आपल्याला छत्री मिळाली म्हणून शेजारी भिजणारा माणूस दिसेनासा होऊ नये.

दावा नाकारला गेला तर? प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. सामुदायिक पॉलिसीतील कामगारालाही तेथे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे लोकपालाची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ब्रोकरच्या सेवेतील कसुरीबद्दलही तेथे दाद मागता येते. मुदत मात्र एक वर्षाची आहे. कागद जपून ठेवावे. आमच्या लोकांची निम्मी प्रकरणे न्यायाअभावी नव्हे, कागदाअभावी पडतात.

जे घरकाम करतात, हातगाडी ओढतात, नाक्यावर उभे राहतात, त्यांच्याकडे ब्रोकर येत नाही. एवढ्याशा हप्त्यावर त्याची दलाली निघत नाही. त्यांनी निदान बँकेतून मिळणारी २० रुपये वार्षिक हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी घ्यावी. अपघाती मृत्यूला ती २ लाख देते आणि तिला दलाल लागत नाही. पण २ लाखांत संसार उभा राहत नाही, हेही आपण जाणतो.

आणि म्हणून अखेरचे एक सांगून थांबतो. चांगला ब्रोकर हा उपयोगी माणूस आहे. बाजारात काय मिळते ते तो शोधून देईल. बाजारात जे मिळतच नाही, म्हणजे आजारपणातला पगार, विधवेचे निवृत्तिवेतन, खर्चाला मर्यादा नसलेला उपचार, ते तो कोठून आणणार? ते आणावयाचे तर ई.एस.आय.ची वेतनमर्यादा वेतनांबरोबर वाढत राहिली पाहिजे आणि तिची इस्पितळे माणसांनी जावे अशी झाली पाहिजेत. ती मागणी टेबलाच्या पलीकडच्या कोणा ब्रोकरकडे करावयाची नाही. ती आपण एकत्र येऊन सरकारकडे करावयाची आहे. तोपर्यंत जे कागद आपल्यापुढे सहीसाठी येतील ते वाचू या, शेजारी बसलेल्याला वाचून दाखवू या, आणि कळले नाही तेथे सही थांबवू या.